गवताच्या दोरीवरचं धोतर

कापसाचे नमुने घेऊन शेटजींनी मला जपानला धाडलं, तेव्हा गिरगावातल्या आमच्या चाळीत आईनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. शेवटी तिनं एक वचन घेतलं. वडिलांना जाऊन वर्ष होईल त्या तिथीला वाहत्या पाण्यानं तर्पण करायचं, मग मी कुठंही असो.

जपानचं मला काहीच सोसलं नाही. उठल्याबरोबर नाकात सुक्या मासळीचा आणि आंबवलेल्या मुळ्याचा वास. मी आपला मीठ-भात गिळायचो. आणि अंघोळ! मी उतरलो होतो तिथं एक लाकडी हौद होता. त्यातल्या त्याच ऊन पाण्यात सगळे पाहुणे एकामागून एक बसायचे. मला उमासे यायचे. असल्या पाण्यानं बापाचं तर्पण करायचं? तिथीच्या सकाळी दुभाष्याला म्हटलं, "मला वाहतं पाणी दाखव, कितीही चालायला लागू दे."

त्यानं डोंगरातल्या एका धबधब्यापाशी नेलं. ते त्यांचं तीर्थ होतं. पाच-सहा माणसं पांढरे कपडे घालून धारेखाली काहीतरी पुटपुटत उभी होती. त्यांच्या अंगावरून आलेलं पाणी मला नको होतं, म्हणून मी पंचा नेसून त्यांना वळसा घालून पार आत, कड्यापाशी गेलो. खळखळून चूळ टाकली. दगडावर धोतर आपटून धुतलं. कड्याला गवताची जाड दोरी आडवी बांधलेली होती. दोरी दिसली की धोतर वाळत टाकायचं, ही चाळीतली सवय. टाकलं, आणि तिळाची पुडी सोडायला लागलो.

पुटपुटणं थांबलं. एक बाई तोंडावर बाही धरून मागे सरली.

"साहेब, बाहेर या!" दुभाष्या काठावरून ओरडला. "ती दोरी देवाची आहे. तिच्यापाशी आमचा पुजारीसुद्धा असा जात नाही."

म्हातारा पुजारी आला. मला वाटलं, आता मारतो. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. बांबूच्या टोकानं धोतर उचलून लांब भिरकावलं, दोरी सोडून जाळायला दिली, आणि मी उभा होतो तो दगड मीठ टाकून घासायला बसला. मी काठावर ओला कुडकुडत होतो. आता पाण्याला हात लावायचा नाही, असं दुभाष्यानं बजावलं.

ऊन कलायला लागलं, तिथी निघून चालली. अखेर मी पुजाऱ्यापुढे हात जोडले. "मेलेल्या बापाला पाणी द्यायचंय, एवढं सांग त्याला," मी दुभाष्याला म्हणालो.

म्हाताऱ्यानं लांब दांड्याची पळी धारेखाली भरून आणली आणि मला शिवणार नाही अशा बेतानं वरून माझ्या ओंजळीत पाणी सोडलं. आमच्या चाळीतले संडास झाडणारी बाई पाणी मागायला यायची, तेव्हा आई तांब्या असाच उंच धरायची. खाली सांडलेल्या पाण्यावरून मी उडी मारून जायचो. मला किळस आली, आणि या खेपेला ती माझी मलाच आली.

वडिलांचं नाव घेऊन मी तीन वेळा पाणी सोडलं, आणि तिन्ही वेळा त्या म्हाताऱ्यापुढे हात पसरले.