मांडे करताना उघडे राहणारे डोळे

रस्त्याच्या मधोमध माझे डोळे मिटले आणि उघडेनात. डाव्या हातात दप्तर, उजव्या हातात नातीचा हात. ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू येत होता, पण कोणत्या बाजूने ते कळेना. पापणी बोटाने वर ओढल्याशिवाय उघडत नाही, हे मला ठाऊक होते. मी दप्तर टाकायला हवे होते. मी पोरीचा हात सोडला.

डोळा उघडून पाहते तर चिऊ पाच हात पुढे, आणि ट्रॅक्टर तिच्यापासून हातभर अंतरावर थांबलेला. चालवणारा माझ्यावर ओरडला, "आजी, झोपमां चाली ऱ्हायनी का?"

घरी सून एवढेच म्हणाली, "आई, उद्यापासून चिऊला शाळेत मी सोडेन." बरोबर बोलली. राग तरी आलाच.

दुखणे वर्षभर आधी सुरू झाले होते. आधी पापण्या जास्त लवायच्या, उन्हात तर फारच. मग दोन्ही डोळे घट्ट मिटायचे आणि तसेच राहायचे. आमच्या धरणगावात मला मांडेवाली म्हणून ओळखतात. लग्नाला, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला खापरावरचे मांडे करायला मलाच बोलावतात. चाळीस वर्षे चुलीपुढे काढली, त्यामुळे सगळ्यांचे एकच ठरले: धूर. मीही तेच मानले. वर्षभर धुरावर उपचार चालले. कुणी गुलाबपाणी सांगितले, कुणी एरंडेल. एकीने कांद्याचा रस सांगितला. तो मी घातला, तेवढी मूर्ख मी होते.

जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ड्राय आय सांगितले, म्हणजे डोळ्यातला ओलावा सुकणे. थेंब दिले. मग मोतीबिंदू निघाला, तो काढला. ते बरेच झाले, पण पापण्याच उघडल्या नाहीत तर स्वच्छ डोळा काय कामाचा?

आणि एक विचित्र गोष्ट होती. मांडे करताना डोळे कधीच मिटत नसत. डॉक्टरांपुढे बसले, की तेव्हाही टक्क उघडे. डॉक्टर म्हणायचे, "आजी, मला तर काही दिसत नाही." घरात ढोंग हा शब्द कुणी काढला नाही. जावेने काढला, तोही चार बायकांत. "अक्का, मांडा करतांना तुना डोया टक्क उघडा, आन भांडा घासतांना मिटतस का व?"

मी म्हटले, "तुना तोंडले झाकण नही, मना डोयाले शे." बायका हसल्या. मला मात्र घरी येऊन वाटले, खरेच मी ढोंग करते की काय?

ट्रॅक्टरचे झाल्यावर मुलगा मला धुळ्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डोळ्याला मेंदूचा डॉक्टर कशाला, म्हणून मी पारोळ्यापर्यंत कुरकुरत होते. तिथे तीन तास बाकावर बसवले. आत गेले आणि डोळे उघडे. डॉक्टर म्हणाले, "आत्ता तर चांगले आहेत."

माझे डोके फिरले. "तुमच्यापुढे मिटत नाहीत, हेच तर दुखणे आहे! बाहेर तीन तास मिटलेलेच होते."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मग बाहेरच बसा. मी येतो."

बाकावर पाच मिनिटांत डोळे मिटले. कुणीतरी शेजारी येऊन बसले. "आजी, काय काम करता?" डॉक्टरांचाच आवाज.

"मांडे."

"कसे करतात?"

म्हटले, याला एवढेही माहीत नाही. सांगितले: कणीक आपटून आपटून लवचीक करायची, पुरण भरून पाटावर लाटायचे, मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायचे आणि उलट्या खापरावर टाकायचे. सांगता सांगता मांडा खापरावर पडेपर्यंत माझे डोळे उघडले होते. समोर डॉक्टर. ते मुलाला म्हणाले, "पाहिलंत? आई ढोंग करत नाहीत."

आजाराचे नाव ब्लेफरोस्पाझम. म्हणजे पापण्या मिटणारे स्नायू आपल्या मनाविरुद्ध आवळतात. दोष पापणीत नाही, तिला हुकूम देणाऱ्या मेंदूत. डॉक्टरांनी समजावले की धडधाकट माणसाची पापणीही डोळा ओला ठेवायला लागते त्याहून जास्त वेळा लवते. मन एका कामात गढले, की ती कमी लवते; काम संपले, लक्ष हलले, की लवते. माझ्या आजारातही पुष्कळांचे डोळे बोलताना किंवा कामात लक्ष लागले की उघडतात. म्हणून डॉक्टरांपुढे दुखणे लपते. वर्षभर मला हे कुणी सांगितले नव्हते.

औषध म्हणजे बोटॉक्सची इंजेक्शने, आवळलेले स्नायू सैल करणारी. टीव्हीवरच्या बायका सुरकुत्या घालवायला घेतात म्हणे. मी म्हटले, सुरकुत्या राहू द्या. डोळ्यांभोवती बारीक सुया टोचल्या. दुखते, खोटे सांगणार नाही. आठवड्यात फरक पडला. एक पापणी काही दिवस लोंबली, तेव्हाही जाऊ बोललीच. आजार मुळापासून जात नाही. तीन-चार महिन्यांनी पुन्हा धुळे, पुन्हा तोच बाक.

तुमच्या घरी कुणाचे असे होत असेल तर ढोंग म्हणण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. माझे वर्ष वाचले असते.

जूनमध्ये सुनेला म्हटले, शाळेत मी नेते. ती आठ दिवस आमच्या मागे वीस पावलांवरून चालत आली. मी मागे वळून पाहिले नाही. नवव्या दिवशी ती आली नाही.

दप्तर आता चिऊच्या पाठीवर असते. माझा डावा हात पापणीसाठी मोकळा. रस्ता ओलांडताना मी तिला मोठ्याने मांडे कसे करायचे ते सांगते. ती कंटाळते. उजवा हात मी सोडत नाही.

त्या दिवशी रस्त्यावर आम्ही दोघी होतो, दोघीही वाचलो. चिऊ आता दुसरीत आहे. मी बहात्तर वर्षांची आहे.