वसरामची तिफण

गोरेगावात कुणाचं काही मोडलं, की ते भंगारवाल्याच्या आधी सोनाजीच्या नजरेला पडायचं. कनेरगाव नाक्यावरच्या एका ट्रकच्या गॅरेजात बत्तीस वर्षं पाने फिरवून तो घरी बसला होता. बसला म्हणायचं आपलं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं स्वतःचं गॅरेज थाटलं, आणि त्यातली एक वस्तू दुकानातून विकत आणलेली असेल तर शपथ. छिन्न्या होत्या त्या ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यांच्या. शिकंजा जुन्या जॅकचा. धार लावायची सहाण कुणाच्या तरी कपडे धुण्याच्या मशीनच्या मोटरीवर फिरायची. बंद पडलेल्या फ्रीजचं दार त्यानं भिंतीला उभं ठोकलं होतं, आणि ज्या खळग्यांत लोक अंडी ठेवतात तिथं याचे नटबोल्ट मापाप्रमाणे बसलेले असायचे. कुणी बघायला आलं की याची छाती फुगायची. "लोकायला डोळेच न्हाईत," तो म्हणायचा, "चांगलं चांगलं फेकून देऊन राहिले."

या शेडची आणखी एक अब्रू होती. आजूबाजूच्या तांड्यांवरची आणि गावातलीही बरीच घरं दिवाळी झाली की उसाला जायची. घराला कुलूप लागायचं, पण कुलपाचा भरवसा किती? म्हणून धान्याची कोठी, शिलाई मशीन, एखादी लोखंडी पेटी, असं जे जड आणि मोलाचं ते लोक सोनाजीच्या माळ्यावर आणून ठेवायचे. पाडव्याला परत येऊन घेऊन जायचे. कधी चमचासुद्धा इकडचा तिकडं झाला नाही. सोनाजीकडं ठेवलं म्हणजे आपल्याच घरात ठेवलं, असं लोक म्हणायचे, आणि ते कानावर आलं की सोनाजी उगाच इकडं तिकडं बघायचा. पण मनातून त्याला ते फार आवडायचं.

तांड्यावरचा वसराम त्याचा जिवाचा दोस्त. दोघं एका ताटात जेवलेले. वसरामनं एक वर्षी बाभळीचं एक खोड पाडलं, आणि ते नाल्याच्या पाण्यात सबंध पावसाळाभर मुरत ठेवलं. खोड वर येऊ नये म्हणून त्याच्यावर जो धोंडा ठेवला, तो उचलायला एका बाजूला वसराम आणि दुसऱ्या बाजूला सोनाजी होता. वसरामची बायको भिकाबाई रोज सकाळी जाऊन धोंडा जाग्यावर आहे का ते बघून यायची. त्या लाकडाची वसरामनं सुताराकडून तिफण करून घेतली. पेरणीची तिफण पुष्कळांकडं असायची, पण असलं लाकूड साऱ्या पंचक्रोशीत नव्हतं. उसाला जाताना बैल विकला तरी वसराम तिफण मात्र स्वतः खांद्यावर आणून सोनाजीच्या माळ्यावर चढवायचा.

मग एका वर्षी वसराम आलाच नाही. तिकडंच उसाच्या फडात छातीत कळ आली आणि तासाभरात माणूस गेला. भिकाबाई लेकाबरोबर पुण्याकडं राहायला गेली. निरोप आला तेव्हा सोनाजी लहान लेकरासारखा रडला. तिफण माळ्यावरच राहिली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. तोवर गावात सगळीकडं ट्रॅक्टरनं पेरणी व्हायला लागली होती.

सोनाजीच्या शेडमध्ये सगळं होतं, एक जड टेबल तेवढं नव्हतं. जुन्या पलंगाच्या सांगाड्यावर फळ्या ठोकून त्यानं काम भागवलं होतं, पण कानस मारायला लागलं की सगळं डुगडुगायचं. आणि वर मान केली की डोळ्यांसमोर तिफण. आधी त्यानं तिचे बियाण्याचे तीन नळे काढले. भाता जोडायला लागत होते. पुन्हा लावून देऊ, असं तो स्वतःलाच म्हणाला. मग एक लोखंडी पट्टी काढली. पट्टी गेल्यावर तिफणीला तिफण तरी कोण म्हणणार? अशी एकेक करत ती उतरत गेली, आणि एके दिवशी खोडच खाली आलं.

त्याची बायको जनकाबाई दारात उभी होती. "वसरामभाऊची ठेव हाय ती," ती म्हणाली.

"कोण येऊन राहिलं आता ती न्यायला?" सोनाजी करवतीला तेल लावत म्हणाला. "सडून जाईल वर. त्यापरीस कामी येईल."

टेबल झालं मात्र असं, की त्यावर ऐरण ठेवली तरी हलायचं नाव नाही. लाकूड कापताना करवतीचे दोन दात गेले. सोनाजी आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून शेडमध्ये नेत होता. लाकूड कुठलं, असं कुणी विचारलं की मात्र तो दुसरंच काही तरी दाखवायला लागायचा.

तिसऱ्या वर्षी, पेरणीला चार-सहा दिवस राहिले असताना, भिकाबाई अंगणात येऊन उभी राहिली. केस पांढरे झालेले, पण चालणं तेच, ताठ.

"जय भीम, दादा," ती म्हणाली. "आले म्या परत. लेकापाशी जीव लागंना. आता दीड एकर माळ हाय तो पेरते. खडकाचं रान, टॅक्टरवाला वर चढत न्हाई म्हणतो. पुतण्यानं बैलजोडी पाह्यली हाय. तिफण तेवढी काढून द्या."

शेडचं दार उघडंच होतं. सोनाजी उठला आणि त्या दारात जाऊन असा उभा राहिला, की आतलं काही दिसू नये. तेवढ्या वेळात त्याला खरं सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. पण बत्तीस वर्षं कुणाकडून चोर म्हणून न घेतलेल्या माणसाची जीभ त्या वाक्यापाशी अडली आणि भलतीकडंच वळली.

"वयनी, तिफणीला वाळवी लागली हो," तो म्हणाला. "पार भुगा झाला. मंग म्या जाळून टाकली. घरभर पसरली असती."

जनकाबाई परातीत पीठ चाळत होती. तिची चाळणी थांबली.

भिकाबाईनं सोनाजीकडं बघितलं. मग म्हणाली, "व्हय का. बरं केलं जाळली ते. तुमच्या घराला लागली असती. तीन वर्सं जागा दिली, तुमी तरी काय करणार, दादा."

ती बसली, चहा प्याली, लेकीला, दीक्षाला, नोकरी कुठं लागली ते जनकाबाईला विचारलं आणि गेली. ती वळणाआड झाली. मग जनकाबाई म्हणाली, "नाल्यात चार महिने मुरवलेल्या बाभळीला वाळवी लागली म्हणता. आन् सांगता कोणाला, तर तिलाच."

आपण काय बोलून बसलो ते सोनाजीला तेव्हा कळलं. वाळवी शिवू नये म्हणून ते लाकूड ज्या तीन माणसांनी नाल्यात मुरवलं होतं, त्यातला एक मेला होता, एक तो स्वतः होता आणि तिसरीला त्यानं आत्ताच तोंडावर थाप मारली होती. आणि तिनं ती मुकाट्यानं गिळली होती. ती भांडली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं. आता शेडमध्ये जावं तर ते टेबल मधोमध उभं. इतकी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो कामाला लागला. ट्रकच्या चेसिसचा एक तुकडा, पाण्याच्या टाकीचे जुने पाइप, मोडक्या पाट्यांचे तीन फण. जे होतं नव्हतं ते जोडून त्यानं लोखंडी तिफण करायला घेतली. त्याला घाई होती, त्यामुळं वेल्डिंग दोनदा उकललं, एकदा हात भाजला. सात दिवस गेले. आठव्या दिवशी ओळखीच्या टेम्पोत टाकून तो ती तांड्यावर घेऊन गेला.

भिकाबाई घरी नव्हती. माळावर होती. हातात विळा, कमरेला बियाण्याची ओटी, आणि वाकून ती जमिनीत टोच मारत होती, दोन दाणे टाकत होती, पायानं माती ओढत होती. हातानं टोकण चालली होती. दीड एकरातलं एकराच्या वर रान असं झालं होतं. तांड्यात कुणाकडं तिफण उरली नव्हती, आणि बैलवाला किती दिवस थांबणार? तो दुसरीकडं निघून गेला होता.

तिनं कंबरेवर हात देऊन पाठ सरळ केली, ती एका दमात झालीच नाही. बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. सोनाजीनं वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं बोलणं तिथंच जिरलं.

"वयनी, वाळवी लागली नव्हती," तो म्हणाला. "म्या मोडली. टेबल केलं तिचं."

"ठावं हाय मला," भिकाबाई म्हणाली.

"मंग त्या दिशी बोलल्या काहून न्हाई?"

"तुमच्या अंगणात, तुमच्या बायकोपुढं तुमाला खोटं कसं पाडू? त्यायनी मला माफ केलं नसतं." त्यायनी म्हणजे वसरामनं. मग म्हणाली, "तुमी दारात उभं राहायच्या आधीच पाह्यलं म्या टेबल. चांगलं झालंय."

सोनाजीनं हात जोडले. तिनं लोखंडी तिफणीला हात लावून बघितला, पुढच्या वर्षाला होईल म्हणाली, आणि पुन्हा खाली वाकली. विळा मागून घ्यावा आणि उरलेलं रान आपण टोकावं असं त्याच्या फार मनात आलं. मागायला तोंड होतं कुठं? तो परत आला. झाल्या गोष्टीचा तिनं कुणापाशी उच्चार केला नाही, हे त्याला पुढं हळूहळू कळत गेलं.

दिवाळी झाली. उसाच्या गाड्या येणार म्हणून गावात लगबग सुरू झाली, आणि दर वर्षीसारखे लोक सोनाजीकडं यायला लागले. त्यानं माळा झाडून घेतला. माळ्याचा एक कोपरा त्यानं कुणाला दिला नाही. कुणासाठी, ते त्यानं जनकाबाईलाही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिकाबाई रस्त्यानं येताना दिसली; यंदा तीही उसाला निघाली होती. डोक्यावर पेटी, मागं तिचा पुतण्या प्रमोद, त्याच्या खांद्यावर लोखंडी तिफण. सोनाजी ओट्यावरून उठला, पायरी उतरून पुढं गेला आणि पेटी घ्यायला त्यानं दोन्ही हात वर केले.

"राहू द्या, दादा," भिकाबाई म्हणाली. "बरे हाव ना? जनकाबाईचा गुडघा कसा हाय?" उत्तर ऐकून घेऊन तिनं मान हलवली आणि ती चालू लागली. तीन घरं सोडून रुख्मिणीबाईच्या अंगणात वळली. रुख्मिणीबाईच्या घरात जागा एवढीशी, तिच्या खाटेखाली पेटी मावणारही नव्हती. तिफण प्रमोदनं बाहेर भिंतीला टेकवून ठेवली.

ओट्यावर शेजारची मिना तिचं गाठोडं घेऊन थांबली होती. नवीन सून, पहिल्यांदाच उसाला निघालेली. तिनं सगळं पाहिलं होतं.

"काका, तुमच्याकडं एवढी जागा असून भिकामावशी तिकडं काहून गेली?" तिनं विचारलं.

मावशीला ते घर जवळ पडतं, असं सांगितलं असतं तरी चाललं असतं. भिकाबाईनं त्याच्यासाठी तेवढी वाट मोकळी ठेवली होती. सोनाजी पायरीवर बसला.

"तिच्या नवऱ्यानं माझ्याकडं तिफण ठेवली होती," तो म्हणाला. "म्या ती मोडून माझ्या कामाला लावली. आन् वरून खोटं बोललो."

मिनानं हातातल्या गाठोड्याकडं बघितलं. त्यात तिच्या लग्नातली भांडी होती.

"मंग म्या हे ठेवू का नको, काका?" तिनं सरळ विचारलं.

इतकी वर्षं या प्रश्नाला सोनाजीनं पुढं होऊन हातातलं ओझं उचलून घेतलं होतं. आज तो खाली मान घालून बसला, आणि त्याचा हात काही पुढं होईना.