मालकांची शुगर

हसणार नसाल तर सांगतो. आणि हसणारच असाल तर आधी चहा सांगा, पण माझा बिनसाखरेचा. काहून म्हणून इचारू नका, तेच तर सांगायला बसलोय!

माणसानं माणसावर जळावं. भावकीवर जळावं, शेजाऱ्याच्या नव्या गाडीवर जळावं, साडूवर तर जळावंच जळावं. पण मी कोणावर जळलो? मांजरावर! ते बी घरच्या मांजरावर. ते बी आजारी मांजरावर! आता बोला.

आखाडा बाळापुरात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान हाय. विहिरीवरची मोटार जळाली की लोक माझ्याकडं आणतात. दिवसभर जळालेल्या मोटारी बघायच्या अन् संध्याकाळी घरी येऊन स्वतः जळायचं, असं माझं वर्षभर चाललं होतं.

झालं असं की पोरगी लग्न होऊन नांदेडला गेली अन् जाताना तिचा बोका आमच्या गळ्यात मारून गेली. आता आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. आमची शोभा मला चारचौघांत 'मालक' म्हणायची. 'मालक दुकानात गेले.' 'मालकांना इचारून सांगते.' काय रुबाब होता राव! हा बोका आला तो पोरीच्या मागं सैरभैर झाला, अन् दोन दिवसांनी माझ्या खुर्चीवर चढून बसला. उठवायला गेलो तर गुरगुरला. शोभा हसून म्हणली, "बघा, कसा मालकावानी बसलाय!"

झालं! त्या दिवसापासून तो मालक. अन् मी? मी बी मालकच होतो, पण आदरार्थी. वाटी 'मालकाची' अन् तांब्या 'मालकांचा'. आमच्या दोघांच्या लायकीत फरक उरला तो एका टिंबाचा.

तरी मी सहन केलं. खुर्ची गेली, नाव गेलं, म्हणलं जाऊ दे, मुकं जनावर हाय. मंग त्याला शुगर निघाली.

बोका पाणी प्यायचा, म्हणजे किती प्यायचा? माझ्या बादलीत तोंड घालून प्यायचा. खायचा दोघांचं अन् वाळत चालला होता. शोभानं त्याला पिशवीत घातलं, मला गाडी काढायला लावली अन् हिंगोलीला जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. त्या डॉक्टरचा दिवस सगळा म्हशी तपासण्यात जायचा, पण माणूस भला. कागदावर बोक्याचं नाव 'मालक' लिहिलं, रक्त बघितलं अन् म्हणले, "ताई, शुगर आहे. रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन द्यावं लागेल. चुकलं तर हा जाईल, अन् जास्त दिलं तरी जाईल."

शोभाचे डोळे भरून आले. माझ्या वेळेला, मला टायफॉईड झाला होता तवा, ती म्हणली होती, "उठा, काय न्हाई होत."

डॉक्टरनं तिला सगळं शिकवलं. आधी खाऊ घालायचं. मंग मानेवरची कातडी चिमटीत उचलायची अन् त्या घडीत सुई घालायची. शुगर बघायची तर कान शेकायचा, कडेला टोचायचं, थेंब मशीनच्या पट्टीवर घ्यायचा. तवर मी बाहेर सटकून भजे खात होतो. ती माझी पहिली चूक.

घरी येऊन तिनं सराव केला. कशावर? वांग्यावर! पाणी भरलेली सुई घेऊन वांग्यामागून वांगं टोचत सुटली. अन् त्या सगळ्या वांग्यांचं भरीत कोणाला खाऊ घातलं? मालकांना. टिंबवाल्या!

मंग सुरू झाली सेवा. अहाहा! सकाळी उठली की गरम पाण्यात फडकं बुडवून मालकाचा कान शेकायची. "माझा शहाणा गं, माझं लेकरू गं, आत्ता होतंय हां." मंग उकडलेलं चिकन. बिनमिठाचं, बारीक तोडून, बोटानं भरवलेलं! मंग सुई. मंग पाठीवरून हात. तो हरामखोर डोळे मिटून माझ्याकडंच तोंड करून बसायचा. मी कोपऱ्यात कालची भाकर चहात बुडवून राहिलो होतो.

खरं सांगतो, जळलो. माझ्या आख्ख्या जन्मात कोणी माझा कान शेकला न्हाई. पिळलाय पुष्कळांनी.

एकदा मी म्हणलं, "अगं, मी देतो आज इंजेक्शन. पाच हॉर्सपावरची मोटार खोलतो मी, ही एवढीशी सुई काय!"

ती म्हणली, "ऱ्हाऊ द्या. तो मोटार न्हाई. जीव हाय तो."

मंग मी कोण होतो हो?

आता मेन गोष्ट. उन्हाळ्यातली दुपार. एका गिऱ्हाईकाच्या घरी नातू झाला, म्हणून ते गिऱ्हाईक औंढ्याच्या नागनाथाचं दर्शन करून पेढे घेऊन आलं. त्यानं पुडा माझ्या हातात ठेवला. मी घरी जेवायला आलो, भरीत-भाकर खाल्ली, अन् शोभा मागच्या अंगणात धुणं वाळू घालून राहिली तवर पेढ्यांचा पुडा उघडला. तिला एक ठेवायचा इचार होता. पण नंतर म्हणलं, ती तरी मला चिकनचा तुकडा ठेवती का?

रिकामा पुडा खाटेखाली सारून बोटं चाटून राहिलो होतो, तेवढ्यात फळीवर ते शुगरचं मशीन दिसलं.

अन् डोक्यात प्रकाश पडला! म्हणलं, माझ्या वयाच्या निम्म्या गावाला शुगर हाय. मला काहून नसंल? अन् असली तर? मंग माझा बी कान शेकला जाईल! मला बी चिकन! मला बी 'माझा शहाणा गं'! लई नको, उगं चवीपुरती शुगर निघाली तरी भागलं.

पँटीला बोट पुसलं. टोचलं. थेंब पट्टीवर ठेवला. मशीननं टुक केलं, अन् आकडा आलाच न्हाई. आली दोन इंग्रजी अक्षरं. एच अन् आय.

माझं इंग्रजी मोटारीच्या पाटीपुरतं. पण हे मला वाचता आलं. हाय! मी मशीनला इचारलं होतं, शुगर हाय का न्हाई? मशीन म्हणालं, हाय!

आता ह्याच्याहून साफ काय सांगावं मशीननं? मराठी मशीन राव! मी आनंदानं वरडलो, "शोभाऽ! पळ! मला शुगर हाय! मशीनच म्हणून राहिलं!"

ती ओल्या हातानं पळत आली. मशीन बघितलं अन् माझा हात गच्च धरला. कारण त्या दोन अक्षरांचा अर्थ तिला डॉक्टरनं सांगून ठेवला होता. शुगर एवढी वर की मशीनला मोजताच येत न्हाई, असं दिसलं की तडक फोन करा! मी तवा भजे खात होतो ना.

"अहो! बसा! हलू नका! चक्कर येऊन राहिली का?"

मला काहीच होत नव्हतं. पण तिनं माझा हात हातात घेतला होता. मी म्हणलं, "येऊन राहिली थोडी."

तिनं मला खाटेवर निजवलं. पदरानं वारा घातला. "मालक, मला सोडून जाऊ नका हो," म्हणली. मालक! मलाच! मी हळूच खुर्चीकडं बघितलं. बोका जागा झाला होता अन् टक लावून बघून राहिला होता. जळ म्हणलं लेका, आता तू जळ!

तिनं फोन लावला. कोणाला? शुगरचा म्हणून तिच्या फोनमध्ये एकच डॉक्टर. मी म्हणलं, "अगं, ते जनावराचे..."

"गप ऱ्हावा! शुगर ती शुगर! त्यांना बराबर कळतं."

स्पीकर चालू होता. ती रडतच म्हणली, "साहेब, मी बाळापूरहून बोलून राहिले. मालकांची शुगर... मशीनवर हाय आलं!"

टिंब, मंडळी! फोनमध्ये टिंब कुठं ऐकू येतं?

"बापरे!" डॉक्टर म्हणाले. "घाबरू नका ताई. काय खाल्लं त्यानं?"

'त्यानं' म्हणले. पण रडणाऱ्या बाईला ते कुठलं कळायला! "भरीत-भाकर, साहेब."

"भरीत? भरीत काय घालता! उकडलेलं चिकन सांगितलं होतं ना मी?"

शोभानं माझ्याकडं बघितलं. मी खाटेवरून मान हलवली. डॉक्टर देवमाणूस निघाला!

"पाणी फार पितो?"

"तांब्यावर तांब्या."

"लघवी ठरलेल्या जागी करतो ना?"

शोभानं पदर तोंडाला लावला. "कधी कधी अंगणात... लिंबाखाली."

"बाहेर भटकतो का अजून?"

"पारावर जाऊन बसतात साहेब, जेवायचं भान न्हाई ऱ्हात."

"बंद करा! बाहेर सोडूच नका. तिथं भांडणं होतात, चावाचावी होते."

"मी कवापासून हेच सांगून राहिले!" शोभाला एकदम जोर आला. माझं तोंड उतरलं.

"आता एक करा. चादरीत गच्च गुंडाळा, तोंड तेवढं बाहेर ठेवा. कान शेकून कानातून परत रक्त घ्या. फोन चालू ठेवा. पुन्हा तसंच आलं तर इंजेक्शनचं बघू."

"हलले तर?"

"मानगूट धरा. गप होतो."

मी उठायला गेलो. "अगं, बोटाला टोच की!"

"डॉक्टरनं कान सांगितलाय!"

अन् मंडळी, माझ्या बायकोनं मला सोलापुरी चादरीत गुंडाळलं. हात आत, पाय आत. उन्हाळा हाय, हे ध्यानात घ्या. मंग फ्रीज उघडून इन्सुलिनची बाटली अन् सुई काढून माझ्या डोळ्यांसमोर ठेवली.  चुकलं तर जाईल, जास्त दिलं तरी जाईल, हे वाक्य मला आत्ता आठवलं! मी सुटायला धडपडलो. तिनं मानगूट धरली. डॉक्टरचं म्हणणं बराबर होतं, मी गप झालो.

मंग माझा कान शेकला गेला. ज्या सुखासाठी मी वर्षभर तळमळलो, ते सुख हे. फडकं इतकं गरम होतं की मी बोंबललो!

टोचलं. थेंब घेतला. टुक.

"एकशे अठ्ठावीस!" शोभा किंचाळली.

"वा! वा ताई!" डॉक्टर खूश. "मग संध्याकाळचं इन्सुलिन द्यायच्या आधी मला फोन करा. पण मघाशी मग 'हाय' कसं आलं?"

"काय माहीत साहेब. मघाशी बोटातून घेतलं होतं."

"बोटातून? ताई, मांजराच्या बोटातून?"

"मांजराचं कोण बोलून राहिलं?"

"म्हणजे? मालकाचं ना?"

"मालकाचं न्हाई. मालकांचं!"

 मंग डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमच्या घरी मालक आहेत तरी किती?"

शोभा काही बोलणार, तेवढ्यात तो बोका खुर्चीवरून उतरला. सावकाश आला, खाटेवर चढला, धडपडीत चादरीतून बाहेर आलेलं माझं बोट त्यानं हुंगलं अन् चवीनं चाटायला लागला.

शोभानं आधी बोका उचलला, कारण गोड त्याला चालत न्हाई. मंग माझा हात ओढून नाकाशी नेला. मंग खाटेखाली वाकून तो रिकामा पुडा बाहेर काढला.

"पेढे," म्हणली.

मी नजर चुकवायला गेलो. चादरीत असल्यानं दुसरीकडं कुठं बघता बी येईना.

तिनं फोन उचलला. आवाज एकदम थंडगार. "एकच मालक हाय, साहेब. माझ्या कडेवर हाय, बरा हाय. बोटाला पेढा लागला होता, म्हणून मशीन तसं दाखवून राहिलं."

"बरोबर. रक्त घ्यायच्या आधी हात साबणानं धुवायचे असतात," डॉक्टर हसू दाबत म्हणाले. "पण मग ते गुंडाळलेले कोण आहेत?"

शोभानं माझ्याकडं बघितलं. पायापासून शेकलेल्या कानापर्यंत.

"ते व्हय? ते बी पाळलेलेच."

तर असं. आता बोक्याला इंजेक्शन मी देतो. शिक्षा म्हणून शिकवलं तिनं, वांग्यापासून सुरुवात करून! साबणानं हात धुतो, कान शेकतो, कातडी उचलतो, सुई देतो. तो हलत बी न्हाई. परवा तर माझ्या मांडीवर घुरघुरत झोपला, अन् शोभा दारातून बघून राहिली. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. जळली, दुसरं काय!

फक्त चहाचं तेवढं राहिलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी चहाचा घोट घेऊन म्हणलं, "अगं, ह्यात साखर न्हाई! मला शुगर कुठं हाय?"

तिनं फळीवरच्या मशीनकडं बोट केलं.

"ते काय म्हणालं होतं?"