अस्वलांच्या दरीत दादांचं मौन

बोलायला सुरुवात करण्यापूर्वी दादा मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवायचे. मग म्हणायचे, "थोडक्यात सांगतो." घड्याळ उतरताना दिसलं की अमेरिकेतल्या हर्नडन गावातल्या आमच्या घरांच्या रांगेतली जुनी मंडळी गाडीच्या किल्ल्या चाचपायला लागायची. नवी मंडळी बिचारी ऐकायला उभी राहायची.

मी आकड्यांत रमणारा माणूस आहे. एका हिवाळ्यात मी त्यांचं 'थोडक्यात' मोजून पाहिलं. सरासरी तेवीस मिनिटं निघाली. 'सविस्तर' मोजायची वेळ आली नाही, कारण तो शब्द त्यांनी कधी वापरलाच नाही.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, पण एक फरक ध्यानात घ्या. बोलके लोक बहुधा बढाया मारतात, नाहीतर दुसऱ्यांच्या घरातलं सांगतात. दादांचं तसं नव्हतं. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, मूळचे नागपूरचे, सगळी नोकरी डेटाबेसमध्ये गेलेली. त्यांच्या बोलण्यात खोटं नसायचं, कुचकं नसायचं. अडचण एवढीच की ते पूर्ण असायचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा ते बर्फ उचलायच्या फावड्यापासून निघाले आणि संत्र्याच्या बागांना पाणी कधी तोडावं इथपर्यंत पोचले. वाटेत कुठेही सांधा निखळला नव्हता, त्यामुळे मध्ये बोलायला कोणाला जागाच मिळाली नाही.

समोरच्या घरातले अमेरिकन आजोबा दादा दिसले की कुत्र्याला घेऊन उलट्या दिशेला वळायचे. कुत्रा मात्र व्यवहारी होता. दादा दिसले की तो जागच्या जागी बसून पंजांवर हनुवटी टेकायचा. विमा विकणाऱ्यांचे फोन तुम्ही-आम्ही कापतो. दादांना आलेले फोन विमेवालेच कापायचे. "लोकांमध्ये पेशन्स नाही राहिला, भाऊ," असं ते मला एकदा खऱ्या खेदानं म्हणाले.

आता दादा आणि वहिनी नागपूरला परतले आहेत. त्यांच्या घरात एक तरुण जोडपं आलं आहे. ती दोघं नुसता हात हलवतात आणि गॅरेजचं दार बंद करतात.

वहिनी डे-केअरमध्ये काम करायच्या. "दिवसभर वीस पोरं," त्या म्हणायच्या, "आणि संध्याकाळी एकविसावं." यात तक्रारीचा सूर नसायचा. हवामान सांगावं तसं सांगायच्या.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांच्या लग्नाला तीस वर्षं होत होती. ते दोघं आणि मी, माझी बायको, मुलगी असे आम्ही तिघं, अशा दोन कुटुंबांनी मिळून मोंटानात जायचं ठरवलं. तिथल्या डोंगरांत एक दरी आहे. तोंडाशी दोन छोटी गावं, आत एकामागे एक तळी आणि वर कड्यांना लटकलेल्या हिमनद्या. दादांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही विमानांच्या वेळा बघत होतो. दादांनी वहिनींना विचारलं, "तुला काय पाहिजे सांग. हॉटेल लेकव्ह्यू घेऊ?"

वहिनी पोह्यांवर कोथिंबीर घालत होत्या. म्हणाल्या, "मला ग्लेशियर तडकताना ऐकायचाय. व्हिडिओत ऐकलाय. मोठा आवाज होतो म्हणे. तो मला प्रत्यक्ष ऐकायचाय."

"अगं मग ऐक ना."

"तुम्ही बरोबर असताना?" वहिनींनी चमचा खाली ठेवला. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "ह्यांच्याबरोबर मी ग्रँड कॅन्यन पाहिलंय. तिथे वारा होता की नाही, मला आठवत नाही. नायगाऱ्याला दोनदा गेलेय. नायगाऱ्याचा आवाज कसा असतो ते मला अजून माहीत नाही."

माझी बायको हसली. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी अट घातली: पार्किंगमधून पाय निघाला की वरच्या तळ्यापर्यंत दादांनी एक शब्द बोलायचा नाही. लग्नाच्या वाढदिवसाची भेट हीच. दुसरं काही नको.

"बस, एवढंच?" दादा म्हणाले. "काहून नाही? मी काय रेडिओ आहे का? भाऊ, तुम्ही साक्षीदार."

त्यांच्या आवाजात थोडा अपमान होता, पण शब्द त्यांनी दिला. आणि दिलेला शब्द ते पाळायचे, हेही तुम्हाला सांगून ठेवतो.

दरीच्या तोंडाशी असलेल्या गावात आम्ही मुक्काम केला. एक पेट्रोल पंप, एक पोस्ट आणि हकलबेरी या जांभळ्या रानफळाचा गोड 'पाय' भाजून विकणारी एक बेकरी, एवढंच गाव. अट दुसऱ्या दिवसापासून लागू होती, म्हणून त्या संध्याकाळी दादांनी आगाऊ बोलून घेतलं. बेकरीवाल्या बाईंना त्यांनी पुरणपोळीची सगळी कृती सांगितली. बाईंनी लिहून घेतली. मन लावून ऐकणारं गिऱ्हाईक मिळालं म्हणून दादा आनंदात झोपले.

सकाळी वाट सुरू होते तिथे एक तरुण रेंजरबाई उभी होती. डोक्यावर रुंद काठाची टोपी. ती म्हणाली, "या दरीत ग्रिझली अस्वलं आहेत. सध्या बेरी पिकल्यात, त्यामुळे ती वाटेजवळ येतात. अस्वलाला अचानक गाठू नका. सगळे एकत्र चाला आणि मोठ्यानं बोलत राहा. घंटा-बिंटा उपयोगाच्या नाहीत. माणसाचा आवाज सगळ्यात उत्तम."

दादांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी डोंगराकडे पाहिलं.

मग वहिनींनीच विचारलं, "आमच्यातला एक जण गप्प राहिला तर चालेल?"

"एखादा चालेल. तुमच्यात सगळ्यात जास्त बोलणारं कोण?"

आम्ही चौघांनी एकदम दादांकडे पाहिलं.

"मग त्यांना पुढे ठेवा," रेंजरबाई म्हणाली.

दादा पुढे झाले, पण ओठ घट्ट मिटून. पार्किंग मागे पडलं होतं. शब्द म्हणजे शब्द. त्यामुळे बोलायची जबाबदारी आमच्यावर आली.

आता मला सांगा, तुम्हाला कोणी "बोला" म्हटलं तर तुम्ही काय बोलाल? पहिली दहा मिनिटं आम्ही हवेबद्दल बोललो. मग भेंड्या सुरू केल्या, पण प्रत्येकाला प्रत्येक गाण्याची पहिलीच ओळ येत होती. मग टाळ्या वाजवत गणपतीची आरती म्हटली. समोरून येणारं एक अमेरिकन जोडपं बाजूला सरकलं आणि ती संपेपर्यंत टोपी काढून उभं राहिलं. आरती संपल्यावर मी घराच्या कर्जाचा व्याजदर बदलून घ्यावा की नाही याचा हिशेब मोठ्यानं मांडला. माझी बायको म्हणाली, "यापेक्षा अस्वल परवडलं."

माझी मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. ती दर वळणावर अस्वलाला हाक म्हणून एकाच कंटाळलेल्या सुरात "हे बेअर" म्हणत होती, तेही हळूहळू बंद झालं. वहिनी तर बोलायला आल्याच नव्हत्या. आणि पुढे दादा, मान ताठ. त्यांचे हात मात्र बोलत होते. एखादं फूल दिसलं की बोट उठायचं, खडकातले रंगीत थर दिसले की पंजा पसरायचा, आणि मग आठवण होऊन तो खिशात जायचा. तीस वर्षांतली सगळ्यात महाग भेट ते देत होते आणि आम्ही ती तडीस जावी म्हणून घसा कोरडा करत होतो.

एका वळणावर आमचं सगळ्यांचंच बोलणं संपलं. बाजूला ओढा होता आणि पलीकडे बेरीची झुडपं. ती हलली. वारा नव्हता.

आम्ही खिळलो. माझ्या कमरेला अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा होता. त्याची मुदत कधी संपते ते मी दोनदा वाचलं होतं, तो उघडायचा कसा ते एकदाही नाही. झुडपांतून फांद्या मोडल्याचा आवाज आला. दादांनी मागे वळून वहिनींकडे पाहिलं. ओठ अजून मिटलेलेच. डोळ्यांनी ते परवानगी मागत होते.

"बोला!" वहिनी ओरडल्या.

दादांनी तोंड उघडलं. "काय बोलू?"

हा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला विचारला असेल.

"काहीही! नायगारा सांगा!"

विश्वास ठेवा, त्या अवस्थेतही त्यांनी आधी घड्याळ काढलं. मग दरी दणाणेल अशा आवाजात म्हणाले, "थोडक्यात सांगतो!"

झुडपांतून एक मोठं पिंगट डोकं वर आलं. त्यानं दादांकडे पाहिलं. नायगाऱ्याला मुळात दोन देशांनी कसं वाटून घेतलंय, ही प्रस्तावना त्यानं ऐकून घेतली असं मला वाटलं. मग ते वळलं आणि उतारानं वर निघालं. घाईत नाही, पण थांबायचाही विचार नाही अशा चालीनं. समोरचे आजोबा कुत्र्याला घेऊन जायचे, हुबेहूब तसं.

"काका, डोन्ट स्टॉप," माझी मुलगी त्यांचा शर्ट धरून म्हणाली. "प्लीज डोन्ट स्टॉप."

तिला हे त्यांनी पुढची कित्येक वर्षं ऐकवलं असतं, तर माझी हरकत नव्हती.

दादा थांबले नाहीत. सकाळपासून साठलेलं सगळं बाहेर आलं. फुलं, खडकांचे थर, हिमनदीखाली दगड दळला जातो आणि त्याच्या पिठामुळे तळ्याचं पाणी असं हिरवट-निळं दिसतं, सगळं. सगळं बरोबर होतं. ते सांगतच आम्ही वरच्या तळ्याला पोचलो. पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते आणि वर हिमनदी होती, भेगाळलेली. बर्फ त्या वेळात तडकला असलाच, तर तो 'मुद्दा असा की' आणि 'आता दुसरी गोष्ट' यांच्यामध्ये कुठेतरी तडकला.

वहिनी एका दगडावर बसल्या होत्या. माझ्या बायकोनं त्यांना संत्र्याच्या फोडी दिल्या आणि हळूच विचारलं, "रागावलात?"

"छे. ते बोलले म्हणून तर आपण इथे बसलोय. आणि बोला म्हणाले ते मीच." वहिनींनी एक फोड सोलली. "आता नायगाऱ्यात सेकंदाला किती पाणी पडतं ते मला पाठ झालंय. पुन्हा काही इथवर येणं होत नाही."

वहिनींच्या पाठीमागे उभे असलेले दादा माझ्या मुलीला काहीतरी सांगत होते. त्यांचं वाक्य मध्येच थांबलं. ते अर्धं राहिलेलं वाक्य त्यांनी पुन्हा उचललं नाही.

उतरताना ते पुढे चालले आणि प्रत्येक वळणावर नुसत्या टाळ्या वाजवत राहिले. हात लाल झाले तरी वाजवत राहिले. माझ्या मुलीनं "काका, टॉक ना" म्हटलं, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा टाळी वाजवली.

खालच्या तळ्याशी, गाडीरस्त्याला लागूनच, वल्ह्याच्या बोटी भाड्यानं मिळतात. आम्ही चहा शोधत होतो, तेवढ्यात दादा दिसेनासे झाले. पाहतो तर ते बोटीच्या खोपटापाशी उभे. आत एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा बसला होता. मी जवळ गेलो तेव्हा दादा त्याला इंग्रजीत विचारत होते, "तळ्याच्या मध्यावर अस्वल येतं का?"

"अस्वलं पोहतात," म्हातारा म्हणाला. "पण इथे मध्यापर्यंत आलेलं मी पाहिलेलं नाही."

दादांनी विचार केला आणि एका तासाचे पंचवीस डॉलर मोजले. दोन लाइफ जॅकेट घेतली. एक नेऊन वहिनींच्या पुढे धरलं.

"आता हे काय?" वहिनी म्हणाल्या.

दादांनी पाण्याकडे बोट दाखवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

वहिनींनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पदर नसला तरी सवयीनं ओढणी खोचली आणि बोटीत बसल्या.

दादांना वल्हवता येत नव्हतं. बोट धक्क्यापाशीच दोन गिरक्या खाऊन आली, एकदा खांबावर आपटली. "डावं मारा, डावं!" असं मी ओरडणार होतो, पण बायकोनं माझा दंड धरला. शेवटी ते कसेबसे मध्यापर्यंत गेले. वर कड्यावर दुपारच्या उन्हात हिमनदी चमकत होती. दादांनी वल्ही आत घेतली.

आम्ही तिघं काठावर बसलो. आम्हीही बोललो नाही. बोट लांब होती, पण दादांचे हात मला दिसत होते. ते गुडघ्यांवर होते आणि हलत नव्हते. वाट बघण्यात बराच वेळ गेला. काहीच झालं नाही. काही मंडळी आली, बोटी घेऊन दुसऱ्या टोकाला गेली. मुलीनं फोन काढला आणि परत ठेवून दिला.

मग वरून आवाज आला. आधी वाळलेलं लाकूड मोडावं तसा, एकच. त्याच्यामागून लांबवर गडगड, आणि ती पाण्यावरून आमच्यापर्यंत येऊन विरली. वहिनींनी मान वर केली. मग न बघता हात पुढे करून तो दादांच्या हातावर ठेवला. दादांनी तोंड उघडलं, हे मी स्पष्ट पाहिलं. आणि मिटलं.

ते परतायला निघतील असं मला वाटलं. पण दोघं तसेच बसून राहिले, माना वर करून. त्यांना दुसरा ऐकायचा असावा.

इकडे तास भरला. खोपटातला म्हातारा बाहेर आला, त्यानं डोळ्यांवर हात धरून बोट पाहिली आणि गळ्यातली शिट्टी तोंडाशी नेली. मी धक्क्यावरून धावत गेलो, त्याचा हात खाली केला आणि त्यावर दुसऱ्या तासाचे पंचवीस डॉलर ठेवले.