थोरलीचा टाक

आमचं लग्न रजिस्टरनं झालं, दोघांचंही दुसरं. घरी आलो, आणि मी चपला काढायच्या आत सासूबाईंनी माझ्या मंगळसूत्रात एक चांदीचा टाक ओवला. नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली उभी बाई. नाक-डोळे काही नाहीत.

"ही थोरली," त्या म्हणाल्या. "आजपासून तुझ्यासंगं राहील. जेवताना आधी हिचा घास काढायचा, नवं लुगडं आधी हिला दाखवायचं. मान ठेवलास तर कधी वाईट करायची नाय."

थोरली म्हणजे ह्यांची पहिली बायको. काही वर्षांपूर्वी आजारपणात गेलेली. मी शाळेत विज्ञान शिकवते. मनात म्हटलं, घटस्फोट घेऊन एका सासूच्या तावडीतून सुटले, आता मेलेल्या सवतीच्या हाती सापडले. पहिल्या संक्रांतीला मुद्दाम न दाखवता नवी काळी साडी नेसले, आणि तीळ भाजताना पदरानं पेट घेतला. ह्यांनी हातानंच विझवला, तळवा भाजून घेतला. साडी सिंथेटिक होती, पदर मोकळा होता, मला ते वर्गात फळ्यावर समजावून सांगता आलं असतं. पण त्या दिवसापासून मी एकही नवी साडी तिला न दाखवता नेसले नाही. भीतीला पदवीचं काय कौतुक!

ती घरात होतीच. हे कधी गजरा आणायचे, माळायला माझ्या मागं उभे राहायचे, आणि आरशात त्यांची नजर टाकावर गेली की हात तिथंच थांबायचा. मग गजरा मीच माळायची. छावणीच्या बाजारात एकमेकांना खेटून चालणारे आम्ही दोघं उंबरा ओलांडला की लांब व्हायचो. मला राग यायचा, पण मेलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं?

थोरलीची मुलगी तेव्हा नववीत होती. पहिल्याच आठवड्यात तिनं सांगून टाकलं, "दहावी झाली की मी कन्नड गावाला आजीकडं जाणार. कायमची." आजी म्हणजे तिच्या आईची आई. माझ्याशी ती कधी उद्धट बोलली नाही. बोलायची ते माझ्या गळ्याकडं बघून. माझी धाकटी, माझ्याबरोबर या घरात आलेली, 'ताई ताई' करत दिवसभर तिच्या मागं असायची, आणि तिला ती मायेनं वेणीही घालून द्यायची. ती पोरगी जाऊ नये असं मला वाटायचं. जीव लागला होता, दुसरं कारण नाही.

जेवताना आम्ही एक विनोदी मालिका लावायचो. त्यातही दोघांचं दुसरं लग्न, दोघांची पोरं एका घरात. पण तिथं अर्ध्या तासात भांडण मिटायचं आणि मागून रेकॉर्ड केलेलं हसू यायचं. ते आलं की आम्हीही हसायचो. एकदा सासूबाई म्हणाल्या, "थोरली टीव्हीच्या आधी हसायची." त्यानंतर प्रत्येक विनोदानंतर, ते हसू यायच्या आधी, मला एक रिकामी जागा ऐकू यायला लागली.

अंघोळीला जाताना मी मंगळसूत्र आरशाजवळच्या खिळ्याला अडकवायची. पोरगी दहावीत गेली, त्या वर्षीच्या दिवाळीआधी एका सकाळी बाहेर येऊन बघते तर मंगळसूत्र जागेवर, टाक गायब. सासूबाई मटकन खाली बसल्या. "आता काय वाढून ठेवलंय देव जाणे." मोरी शोधली, दिवाण सरकवला. शेवटी धाकटीच बोलली, "ताईनं काढला. दे म्हटलं तर रडायला लागली."

ती गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती. मी हात पुढं केला. तिनं मूठ पाठीमागं नेली.

"माझ्या आईला तुम्ही रोज गळ्यात घालून फिरता," ती म्हणाली. "शाळेत नेता, बाजारात नेता. तिला घास देता, साड्या दाखवता. तुम्ही तर तिला बघितलं पण नाय. मला एक दिवस पण मिळाली नाय ती."

मी तिथंच खाली बसले. सगळ्या घरानं त्या बाईची धास्ती घेतली होती. तिच्या आठवणीनं झुरणारं कुणी घरात आहे, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी खालून काळा दोरा आणला आणि टाक तिच्या गळ्यात बांधला. सासूबाई जिन्यात आडव्या आल्या. "लेकीच्या गळ्यात घालत नसतात. त्यो दुसरीनंच घालायचा. तुला काय झालं म्हणजे?"

"धास्ती सवतीला असती, आत्याबाई. लेकीला आईची कसली धास्ती?"

बोलले खरी, पण गळ्याला हलकं वाटत होतं आणि त्याचीच भीती वाटत होती.

पाडव्याला ह्यांनी साडी आणली. आता दाखवायची कुणाला? सवयीनं मी ती घेऊन पोरीपुढं उभी राहिले. तिनं गळ्यातला टाक काढून साडीवर ठेवला आणि ऐकत असल्यासारखी मान खाली घातली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"नेसा म्हणते. पण गॅसपाशी पदर खोचत जा. लई धांदरट आहात म्हणते."

आणि ती हसली. टीव्ही बंद होता. सासूबाईंच्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला, हे दारात जागच्या जागी उभे. ते हसू मी कधी ऐकलेलं नव्हतं, तरी ओळखलं. त्या संध्याकाळी ह्यांनी गजरा माळला, आणि हात थांबला नाही.

परीक्षा झाली. कन्नडची आजी न्यायला आली. पोरीनं बॅग आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. थांब म्हणायचा मला काय हक्क, म्हणून मी पोळ्या लाटत राहिले. नको तेवढ्या लाटल्या.

"आजी, मी सुट्टीपुरतीच येते," ती बाहेर बोलताना ऐकू आलं. "आईला इथंच करमतंय."

आजीनं पोरीच्या गळ्याकडं बघितलं, मग दारात आलेल्या माझ्या गळ्याकडं, आणि पानावर बसली. मी वाढायला घेतलं. टाक गळ्यात नसला तर घास काढायची गरज नसते, हे सासूबाईंनी मला मागंच सांगितलं होतं. मी काढला.