आमच्या गल्लीतल्या चार शांता

"एका घरात दोन शांता चालत नसतात," नवरदेवाची आत्या पुन्हा म्हणाली, तोवर नवरीनं तांदळाच्या ताटावर तळहात पसरून ठेवला होता. नवरदेव मधुकर हातात अंगठी धरून नुसता बसलेला. रिवाजाप्रमाणे त्या अंगठीनं त्यानं तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं आणि तिनं जन्मभर त्या नावाला ओ द्यायची. आत्याबाईंनी 'ज्योत्स्ना' ठरवून टाकलं होतं. सासूचं नाव शांता, सुनेचंही शांता, मग हाक मारायची कोणाला?

मी नवरीची पाठराखीण म्हणून अकोल्याहून अमरावतीला गेलेली, म्हणून हे सगळं समोर बसून पाहिलं. भांडण मिटलं कसं तेही सांगते. पण आधी आमच्या बाकीच्या शांता ऐकून घ्या, नाहीतर ही पोरगी एका नावासाठी एवढी अडून का बसली ते कळायचं नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णा नदीच्या काठाला आमची गल्ली. तिथं आम्ही चार शांता. एका नावाच्या चार बायका एकाच नळावर पाणी भरत असल्या, की किस्से जमवावे लागत नाहीत. घागरींसारखे आपोआप रांगेत येऊन बसतात. कोणी "शांते" म्हटलं की चार माना वळायच्या. म्हणून लोकांनी कामावरून नावं पाडली. कापसाच्या जिनात सरकी निवडायला जाणारी ती जिनवाली शांता. शाळेत शिकवायची ती मास्तरीण शांता. बापाच्या लाउडस्पीकरच्या दुकानात तबकड्या लावायची ती रेकॉर्डवाली शांता. आणि मी तिखट शांता. मी मिरच्या कांडून विकायची म्हणून ते नाव पडलं, असं मी सांगते. गल्लीचं म्हणणं वेगळं आहे.

एकदा दुपारी कोट-टोपीतली तीन माणसं माझ्या दारात आली. "शांताबाईचं घर हेच का?" हेच, म्हटलं. त्या आठवड्यात जनगणनेचे लोक गल्लीत फिरत होते. मला वाटलं, तेच. मिरच्या कांडताना गळ्याभोवती गुंडाळलेला पदर तसाच ठेवून सतरंजी टाकली, पाणी दिलं.

त्यांनी शिक्षण विचारलं. मी सांगितलं, शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण दुकानांच्या पाट्या आणि पुड्यांचे कागद वाचत वाचत आता अख्खा पेपर वाचते, काही विचारायचं असेल तर विचारा. त्यांनी विचारलं नाही. स्वयंपाक, शिवणटिपण विचारलं. मग म्हातारा म्हणाला, "जराशा चालून दाखवता का?" सरकारला माझी चाल कशाला पाहिजे, असं मनात आलं. पण सरकारचं काही सांगता येत नाही. दारापासून चुलीपर्यंत चालून दाखवलं.

शेवटी त्यानं घसा साफ करून विचारलं, "स्वभावानं रागीट तर नाही ना?"

तेवढ्यात आमचे हे मागच्या दारानं आत आले आणि टोपी खुंटीला लावत म्हणाले, "हाये. लग्नापासून पाहून राहिलो मी."

पाहुणे मास्तरीण शांतेला पाहायला आले होते. तिच्याकडे पोहे निवून गेले, आणि ते लोक मात्र थेट स्टेशनावर गेले. मास्तरणीनं मला पोह्यांची अर्धी ताटली आणून दिली. म्हणाली, "वाचवलंस बाई."

रेकॉर्डवालीची गोष्ट याहून वरची. लग्न असो, गणपती असो, मांडवाच्या कोपऱ्यात ग्रामोफोनच्या पेटीशी बसून ती तबकडी लावायची, सुई बदलायची आणि माइकवर सांगायची, "शांता बोलत आहे. यानंतरचं गाणं ऐका." पोरीच्या जातीनं माइकवर बोलावं का, यावर म्हाताऱ्यांनी पुष्कळ तोंड वाजवलं. पण पुढं पुढं लोक सुपारी देतानाच बजावू लागले, "भोंगा कोनताई आना, बोलाले शांताच पाहिजे."

एका गणपतीत अमरावतीचा, पण तेव्हा अकोल्यात कामाला आलेला, एक रेडिओ दुरुस्त करणारा पोरगा पेटीजवळ आला आणि म्हणाला, एक तबकडी शांतासाठी लावा. हिनं माइक चालू ठेवूनच विचारलं, "कोणत्या शांतासाठी?" तो गोरामोरा झाला. कसाबसा म्हणाला, "याच गल्लीतल्या." हिनं तसंच जाहीर करून टाकलं!

दुसऱ्या दिवशी नळावर एकही शांता नाही. सगळ्यांना घरात बसवलेलं. जिनवालीच्या नवऱ्यानं लग्नानंतर पहिल्यांदा गजरा आणला आणि तिच्या हातात देत विचारलं, "कोन हाये तो?" आमच्या यांनी काहीच विचारलं नाही, पण त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलेलं, तरी मुकाट्यानं जेवले.

पोरगा रोज यायचा, रोज तेच मागायचा. शेवटी विसर्जनाच्या आदल्या दिवशी हिला राहवलं नाही. "अहो, ती शांता राहते तरी कुठं?"

"सुई बदलून राहिली," तो म्हणाला.

तोच हा मधुकर. लग्नात "वधूकडच्या मंडळींनी पुढं यावं" हेही नवरीनंच माइकवर सांगितलं, आणि मग माइक ठेवून स्वतः पुढं आली. बापानं आंदण म्हणून पेटी आणि भोंगा दिला. सासरी पोचल्यावर आत्याबाईंनी हौसेनं भोंगा गच्चीवर बांधून घेतला आणि माइक तांदळाच्या ताटापाशी चालू ठेवायला लावला. सुनेचं नवं नाव साऱ्या पेठेनं ऐकलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळं भांडणही साऱ्या पेठेनं ऐकलं.

आत्या म्हणाली, आमच्या घरात आजवर एकाही सुनेनं असा हात आडवा घातला नाही. नवरी म्हणाली, "आत्याबाई, तुमी म्हनान ते करतो. पन या नावानं लोक मले वळखतात. उद्या भोंग्यावर ज्योत्स्ना बोलली, तर ते म्हनतीन शांता कुठी गेली?" मी तोंड उघडणार, तर तिनंच मला डोळ्यानं गप्प केलं. मधुकर एकदा आत्याकडे पाही, एकदा ताटाकडे. अंगणात शेजारीपाजारी जमले होते, आणि आत्या आता अंगठीच मागू लागली, मीच लिहिते म्हणाली.

सासू इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती आली, नणंदेकडे पाहत सुनेच्या हाताखालचं ताट उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि माइकसमोरच म्हणाली,

"वन्सं, तिचं नाव तिच्यापाशीच राहू द्या, मले शांता तुमीच केलं होतं याच ताटात, मी माहेरची वत्सला हाये, आजपासून मले वत्सला म्हना."