न काढलेली धार

भुताखेतांच्या गोष्टी मी कधीच मनावर घेतल्या नाहीत. होस्टेलवर मुली पांघरुणात शिरून असले किस्से सांगायच्या, तेव्हा मी सगळ्यात आधी झोपून जायचे... आणि यात तसं भूत नाहीच. पण जे झालं ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं, म्हणून लिहितेय.

मी फिजिओथेरपिस्ट. कोल्हापुरात पुढचं शिक्षण चालू होतं, तेव्हाची गोष्ट. माझ्या रिसर्चचा विषय साधा होता — दुखणारा किंवा लुळा पडलेला अवयव न हलवता, पेशंटनं आपलं रोजचं काम नुसतं मनात करायचं. त्यानं दुखणं, हालचाल यांत काही फरक पडतो का ते बघायचं. खांदेदुखीचे इचलकरंजीचे यंत्रमाग कामगार होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बायका होत्या, आणि अर्धांगाचे पेशंट. त्यांतल्याच एक कोडोलीच्या आक्काताई. उजवा हात लुळा. सून सुनीता त्यांना एसटीनं घेऊन यायची.

त्या दिवशी दोघींचंही लक्ष दुसरीकडंच होतं. काय झालं विचारलं तर सुनीता म्हणाली, "म्हस इकायची ठरलीया, मॅडम. ह्या आत्ती आजारी पडल्यापास्नं ती कुनाला हात लावू देत न्हाय. इंजेक्शन टोचून धार काढायला लागती. आज सकाळी तेबी लागू झालं न्हाय. दुपारी व्यापारी येनार हाय."

आक्काताई खिडकीकडं बघत म्हणाल्या, "माझ्या हातावर वाढलीया ती."

पडद्यातून पिवळं ऊन आत येत होतं, पंखा हळू फिरत होता. मी नेहमीसारखं म्हटलं, "डोळे मिटा. रोजचं काम आठवा. हात हलवायचा नाही. कुठं आहात?"

"गोठ्यात. बसलो बघ खाली. डोस्कं टेकलं तिच्या पोटाला..." आवाज जड होत गेला, झोपेत बोलल्यासारखा. "सोड की बाई पान्हा आता... सोड..."

आणि उजव्या हाताची बोटं हलली. आधी अंगठा आत वळला, मग बोटं एकापाठोपाठ मिटली, सुटली... परत मिटली. एरवी तो हात ओल्या फडक्यासारखा मांडीवर पडून असायचा! मी पुढं व्हायला हवं होतं, पण मला जागचं हलताच येईना. खोली उबदार झाली. वास आला — ताज्या दुधाचा, भिजवलेल्या पेंडीच्या आंबोणाचा. मग आवाज. चर्र... चर्र... बादलीत धार पडते तसा. मी सुनीताकडं पाहिलं. तीही कान देऊन ऐकत होती. भीती मात्र वाटली नाही. लहानपणी दुपारच्या अर्धवट झोपेत घरातले आवाज लांबून येतात ना, तसं काहीतरी...

बोटं थांबली. आक्काताईंनी डोळे उघडले.

"सोडलं तिनं," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं सुनीताचा फोन वाजला. नवरा, संभाजी. इतक्या मोठ्यानं बोलत होता की मलाही सगळं ऐकू आलं.

"अगं, म्हस पान्हवली! व्यापाऱ्याला घिऊन गोठ्यात गेलतो... एका सडातनं धार लागलीया, थांबून थांबून, कोन काढल्यागत! आन खाली कोन न्हाय! व्यापारी पळाला की!"

सुनीतानं फोन बाजूला धरून सासूकडं पाहिलं. आक्काताईंनी एवढंच विचारलं, "रेडकाला पाजलं का म्हनावं?"

माझ्या गाईडनी बोटांचं समजावलं — मनातल्या हालचालीनंही मेंदूचे तेच भाग जागे होतात. ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांनी म्हशीचं समजावलं — कास तटतटली की दूध गळतं. दोघांचंही पटतं. पण गळणं वेगळं, थांबून थांबून लागलेली धार वेगळी. आणि आम्हा दोघींना ऐकू आलेला तो आवाज?

नंतर तोच व्यायाम कितीदा घेतला, तसं परत काही झालं नाही. हात सावकाश, थोडाच सुधारला. म्हैस विकली नाही. आता आक्काताई डाव्या हातानं धार काढतात, उजवा नुसता तिच्या पोटाला टेकवून ठेवतात.

मागे कोडोलीला गेले होते, तेव्हा विचारलं, "त्या दुपारी नक्की काय वाटलं तुम्हाला?"

"झोप लागल्यागत झालतं. पर हाताला दूध गरम लागलं बघ."

झटका आल्यापासून त्यांच्या उजव्या हाताला गरम-गार कळत नाही. आजही नाही. मी दर वेळी तपासते...